फाटक लावणारा एगिद

आमच्या पंचायतीचं एक पत्रक निघतं, दर तीन महिन्यांनी. कोणाचं लग्न, कोणाची नव्वदी, कचऱ्याच्या गाडीचे वार. त्यात 'आपली माणसं' म्हणून अर्धं पान असतं. गेल्या हिवाळ्यात तिथल्या बाईंनी मला गाठलं. म्हणाल्या, "तुमच्या दिरावर लिहा ना. तळ्याभोवतीची सायकलची वाट त्यांनीच केली." मी लिहिलं. बाईंनी ते परत पाठवलं. म्हणे, फार लांब आहे, शिवाय पत्रक पाहुणेही वाचतात, त्यांना बरं वाटणार नाही. पाहुण्यांना बरं वाटावं म्हणून माणसाची अर्धी गोष्ट सांगायची असेल तर ती त्यांची त्यांनी सांगावी. मी पूर्ण सांगते.

मी रोझविता प्लोनर. एगिदच्या थोरल्या भावाची बायको. नवरा जाऊन बारा वर्षं झाली. तळ्याच्या उत्तर काठाला माझी खानावळ आहे, आठ टेबलांची. आमच्याकडे कासनुडल करतात, म्हणजे ताजं चीज आणि पुदिना भरून उकडलेल्या करंज्याच म्हणा. कडेला नीट मुरड पडली पाहिजे. जिला मुरड येत नाही तिला नवरा मिळत नाही, असं जुन्या बायका सांगायच्या. माझी मुरड पाहत राहावी अशी होती, आणि नवरा मिळाला प्लोनरांचा. म्हणींवर किती विश्वास ठेवायचा ते मला तेव्हाच कळलं.

एगिद अठ्ठावन्न सालचा. चार वर्षांचा होईपर्यंत बोलला नाही, आणि पुढेही ते काम त्याने फारसं मनावर घेतलं नाही. सतराव्या वर्षी जंगलातले रस्ते करणाऱ्या टोळीत गेला आणि अडतीस वर्षं ग्रेडर चालवला. ग्रेडर म्हणजे पोटाखाली लांब पातं असलेलं ते पिवळं धूड, रस्ता खरवडत जातं. तळ्याच्या चारी बाजूंच्या डोंगरात खडीचा असा रस्ता नाही की ज्यावरून एगिदचं पातं फिरलं नाही. खडीवर मात्र तो बोलायचा. नदीतली गोल खडी नको, पायाखाली पळते. खाणीतली हवी, कोनांची, अंगठ्याच्या नखाएवढी, म्हणजे ती एकमेकींत अडकून बसते. माझ्या लग्नात, जेवणाच्या टेबलावर, हा माणूस पाऊण तास खडीवर बोलला. माझ्या आईने विचारलं, "हा धाकटा बरा आहे ना?"

लग्न त्याने केलं नाही. गासर म्हणून एक शेतकरी आहे, त्याच्या वरच्या कुरणावर उन्हाळाभर गायी राखणारी बुर्गा, तिच्याशी जमेल असं गाव दहा वर्षं म्हणत होतं. दोघांनी गावाचं ऐकलं नाही. का, ते मला माहीत नाही, आणि विचारलं असतं तर त्याने खडीवर बोलायला सुरुवात केली असती.

पंचावन्नाव्या वर्षी गुडघे गेले. डॉक्टर म्हणाले, चालू नका, सायकल चालवा. याने फिलाख शहरातून एक सायकल आणली. खाली वळलेलं हँडल, जाड टायर, खडीवर धावणारी. तेव्हा तसल्या नवीन निघाल्या होत्या. लगेच आपल्याच रस्त्यांवरून हिंडायला लागला. आता आमच्या देशात जंगलातला रस्ता ज्याचं जंगल त्याचा. पायी कोणीही जावं, सायकलला मालकाची परवानगी लागते. एके सकाळी वनरक्षकाने त्याला अडवलं.

"एगिद, सायकलला बंद आहे हा रस्ता."

"मीच केलाय."

"म्हणून काय झालं? गवंड्याला घर मिळतं का?"

हे त्याला फार लागलं. संध्याकाळी माझ्याकडे येऊन त्याने मेनूच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तळं काढलं, भोवती एक रेघ ओढली आणि म्हणाला, "वहिनी, चौसष्ट किलोमीटर. कुठेही डांबर नाही. मालक अकरा." मी म्हटलं, "अकरा शेतकरी एका गोष्टीला हो म्हणतात हे तू कधी पाहिलंयस? त्यांच्यात पाऊस पडतोय की नाही यावरही एकमत होत नाही." तो म्हणाला, "बघू."

चार वर्षं लागली. समजावणं वगैरे त्याला कुठलं जमतंय! तो नुसता कुदळ सायकलच्या दांड्याला बांधून जायचा आणि मालकाच्या रस्त्यावरच्या आडव्या पन्हळी साफ करायचा. खडीच्या रस्त्यात दर पन्नास पावलांवर लोखंडी पन्हळ असते. ती तुंबली की पावसाचं पाणी रस्त्यावरून धावतं आणि एका वादळात सगळी खडी दरीत. मालकांना ते काम नको असतं. चार-सहा महिने फुकट पन्हळी साफ झालेल्या बघून एकेक जण स्वतःच विचारायला लागला, "काय पाहिजे तरी काय तुला?"

दहा जण झाले. अकरावा गासर. त्याचं खरं नाव कास्पार लिंडर, पण आमच्याकडे माणूस आडनावाने नाही, घराच्या नावाने ओळखला जातो. घर गासरचं, म्हणून तो गासर. त्याच्या कुरणातून वाट जायची ती जेमतेम दोन किलोमीटर, पण एका हाताला खडा कडा, दुसऱ्या हाताला घळ. तिथून नाही तर कुठूनच नाही. गासर नाही म्हणाला असता तर चौसष्ट किलोमीटरचं वर्तुळ तिथे तुटलं असतं, आणि तुटलेल्या वाटेवर यायला सायकलवाले काय वेडे आहेत!

गासरने त्याला वर्षभर ताटकळवलं. मग म्हणाला, "माझ्या तेहतीस गायी आहेत. फाटक उघडं सापडलं की वाट बंद. एकदाच. दुसऱ्यांदा सांगणार नाही."

"फाटक लावलेलंच राहील," एगिद म्हणाला. हातावर हात मारला. आणि दर पाच वर्षांनी, संत मिखाएलच्या दिवशी, सप्टेंबरच्या शेवटी, गायी खाली उतरलेल्या आणि शेतकरी मोकळे झालेले असतात तेव्हा, माझ्या खानावळीत अकरा जणांनी पुन्हा सह्या करायच्या असं ठरलं.

तेव्हापासून एगिद आणि फाटक हे एकच झालं. पंचायतीने त्याला वाटेचा राखणदार केलं. पगार नाही, एक हिरवं जाकीट. पाट्या त्याने स्वतः रंगवल्या. त्यावर एक गाय, जी कुत्र्यासारखी दिसते, आणि खाली तीन भाषांत 'फाटक लावा'. ग्राझच्या एका दातांच्या डॉक्टरला त्याने नऊ किलोमीटर मागे पाठवलं होतं, फाटक लावायला. डॉक्टर म्हणाला, "अहो, मागून माझा मित्र येतोय, तो लावेल." एगिद म्हणाला, "दातही मित्राकडूनच काढून घेता का?" त्याच्या आयुष्यातला हा एकमेव विनोद. गावाने तो पाच वर्षं पुरवला.

स्वतः तो फाटक लावायचा त्याची एक पद्धत होती. साखळी खांबाला दोनदा फिरवायची आणि आकडा आतल्या बाजूला घालायचा. गायी जिभेने आकडा काढतात म्हणे. बाकी सगळे एकदाच फिरवतात आणि आकडा बाहेर ठेवतात, बोटं गारठतात म्हणून.

खडीवाले यायला लागले. मी त्यांना खडीवालेच म्हणते. चिखलाचे पाय घेऊन आत येतात, चार माणसांचं खातात आणि पाणी फुकट मागतात. पण भले लोक. माझ्या आठ टेबलांना शंभर वर्षांत एवढी गर्दी नव्हती. एगिद आठवड्यातून दोनदा वर्तुळ पुरं करायचा आणि येऊन सांगायचा, "चौसष्ट." जणू रोज वेगळं भरणार होतं.

आता त्या ऑगस्टचं. तीन उन्हाळ्यांपूर्वीची गोष्ट. रेडिओने अकरा वाजता सांगितलं, संध्याकाळपर्यंत खाली चौदाशे मीटरपर्यंत बर्फ येणार. आमच्याकडे ऑगस्टमध्ये बर्फ म्हणजे नवल नाही. अशा वेळी गायींना खालच्या जंगलात आसऱ्याला उतरायचा हक्क असतो, जंगल कोणाचंही असो. फार जुना हक्क आहे, कागद नव्हते तेव्हापासूनचा. राखणारी माणसं खालचं फाटक उघडून त्याला दगड लावून ठेवतात आणि खांबावर स्प्रूस झाडाची डहाळी खोचतात. डहाळी दिसली की फाटकाला हात लावायचा नाही, हे आमच्या पोरांना चालता येण्याआधी कळतं. बर्फ सुरू झालं की गायी आपोआप खाली येतात. बुर्गाने दुपारी बाराला फाटक उघडलं, दगड लावला, डहाळी खोचली आणि लंगडणारं एक वासरू बांधायला वर गोठ्याकडे गेली.

एगिद त्या दुपारी वरच होता. पाऊस येणार म्हणून सकाळीच पन्हळी साफ करायला गेलेला. उतरताना गारांचा पाऊस लागला. टोपी नाकापर्यंत, डोळ्यांत गारा. त्याच्यापुढे तिघं डच खडीवाले गेले होते. खालच्या फाटकाशी आला तर फाटक सताड उघडं आणि चिखलात तीन टायरांच्या ताज्या खुणा.

त्याच्या डोक्यात दुसरं काही आलंच नाही. वर डहाळीकडे बघितलं नाही. दगड पायाने सरकवला, फाटक ओढलं, साखळी दोनदा, आकडा आत.

संध्याकाळी माझ्याकडे आला, निथळत. मी सूप दिलं. म्हणाला, "गाढव आहेत लोक. अशा दिवशी फाटक उघडं टाकून गेले. नशीब मी मागे होतो." आणि दोन वाट्या सूप प्यायला. खूश होता. मी त्याला इतका खूश क्वचित पाहिलाय, म्हणून लक्षात आहे.

सकाळी गासर आला. दारातच उभा राहिला, बूट न झटकता. "लेर्खे गेली," म्हणाला. लेर्खे म्हणजे त्याची पुढे चालणारी गाय, मोठी घंटा तिच्या गळ्यात. बर्फ आल्यावर कळप खाली आला, फाटक बंद. मागच्या गायी रेटत राहिल्या. लेर्खे खांबाच्या बाजूने वाट काढायला गेली आणि घळीत गेली. बाकीच्या बत्तीस सकाळपर्यंत गुडघाभर बर्फात थरथरत उभ्या होत्या.

"बुर्गाने उघडलं होतं. ती कधी विसरत नाही," गासर म्हणाला. "कुठल्यातरी शहाण्या सायकलवाल्याने पाटी वाचली आणि लावलं. डहाळी म्हणजे काय, त्याला काय ठाऊक! कचरा वाटला असेल."

एगिद खिडकीपाशी कॉफी घेऊन बसला होता. मी त्याच्याकडे बघितलं. त्याने कप उचलला होता, तो तसाच हातात राहिला, ना वर ना खाली. मला वाटलं आता बोलेल. तो बोलला नाही.

आणि मी? मला तर त्याच्याच तोंडून कळलं होतं, माझ्याच सुपावर. मीही मूग गिळून बसले. आपलेच दात, आपलेच ओठ. गासरला मी मोस्टचा, म्हणजे सफरचंदाच्या आंबूस दारूचा, पेला भरून दिला आणि म्हटलं, "फार वाईट झालं हो." हे वाक्य मला अजून आठवतं आणि स्वतःची लाज वाटते.

आमच्याकडे सप्टेंबरच्या मध्याला गायी वरून उतरतात. उन्हाळा सुखरूप गेला तर प्रत्येकीच्या डोक्यावर फुलांचा, कागदी झिरमिळ्यांचा मुकुट, पुढचीला सगळ्यांत मोठा. वर एक जरी जीव गेला तरी फुलं नाहीत. गासरकडे त्याच्या बापापासून, पन्नास वर्षांत, फुलांवाचून उतरणं झालं नव्हतं. त्या वर्षी बत्तीस गायी उघड्या डोक्यांनी आल्या. लेर्खेची घंटा गासरने स्वतःच्या खांद्याला अडकवली होती. चालताना ती वाजू नये म्हणून आत हात घालून लोलक धरला होता. पाहुणे फोन उगारून उभे होते. एक बाई मला विचारते, "फुलं कधी येणार?" मी म्हटलं, "पुढच्या वर्षी."

दरवर्षी वळणावर लाल झेंडा घेऊन गाड्या थांबवायचं काम एगिदचं. त्या वर्षीही तो उभा होता. गासर त्याच्याजवळ थांबला आणि खांद्यावर हात ठेवून सगळ्यांदेखत म्हणाला, "या वाटेवर एक तूच माणूस आहेस. बाकी सगळा बाजार." एगिदचा झेंडा खाली आला. मागून एक ट्रक जवळजवळ गायींत घुसला.

त्या संध्याकाळी बुर्गा माझ्या स्वयंपाकघरात आली. माझ्यासोबत मुरडी घालायला बसली. चार-पाच झाल्यावर म्हणाली, "रोझी, साखळी दोनदा होती."

मी पुढच्या करंजीत सारण भरलं.

"आकडा आत."

"मग आता?"

"मग काय! मी सोडवली तेव्हा गासर वर होता, त्याने बघितली नाही. सांगणं माझं काम नाही. ज्याचं आहे त्याने करावं." तिने पुढची करंजी उचलली. "पण त्याने केलं नाही तर मी त्याला पुन्हा ओळख देणार नाही. हे मात्र तू सांगितलंस तरी चालेल."

मी सांगितलं. एगिद म्हणाला, "हं."

संत मिखाएलचा दिवस आला. त्या वर्षी पाच वर्षं संपत होती, सह्यांचं वर्ष. अकरा मालक, पंचायतीच्या बाई, कागद. मी दोन टेबलं जोडून दिली. दहा जणांनी सह्या केल्या. गासरपुढे कागद आला तसा त्याने पेन टोपण लावून बाजूला ठेवलं.

"माझ्याकडून संपलं."

बाई गयावया करायला लागल्या. वाटेमुळे गावाला काय काय मिळालं, हॉटेलं, दुकान, शाळेची बस. गासर ऐकून घेत होता. मग म्हणाला, "बाई, गाय मेली माझी. तुमच्या लोकांनी मारली. वाट तळ्याच्या पोटातून न्या हवी तर."

मी दारात ताटं घेऊन उभी होते. एगिद टेबलाच्या टोकाला, हिरव्या जाकिटात. तो गप्प राहिला असता तर त्याचं नाव स्वच्छ राहत होतं आणि वाट जात होती. बोलला तर नाव जाणार, आणि वाट राहीलच याची काही खात्री नाही. हे त्या खोलीत मला आणि त्यालाच कळत होतं. मला मनातून वाटत होतं, नको बोलूस रे बाबा. वाट गेली तर जाऊ दे, खडी तर आहे.

तो उभा राहिला. "कास्पार, फाटक मी लावलं."

कोणीतरी हसलं, म्हाताऱ्याची गंमत समजून.

"तू?" गासर म्हणाला.

"उघडं दिसलं. वाटलं, डचांनी टाकलं. लावलं."

"आणि डहाळी?"

"बघितली नाही."

"तू बघितली नाहीस? तू? इथे जन्मलास ना रे? की तुलाही तुझीच पाटी वाचून दाखवायची?"

एगिदने टोपी काढून टेबलावर ठेवली.

"आज किती दिवस झाले?"

"बत्तीस."

"बत्तीस दिवस," गासर म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, ते जास्त वाईट होतं. "बत्तीस दिवस माझ्यासमोर बसून कॉफी प्यायलास. मी रस्त्यात तुझ्या खांद्यावर हात ठेवला. तो झटकलास का?"

"नाही."

"भरपाई करतो" असं काहीतरी एगिद पुटपुटला. गासर म्हणाला, "गाय बाजारात मिळते. मला काय गाय मिळत नाही? बिनफुलांचं उतरणं पुसून देशील का?"

मग त्याने पेनचं टोपण काढलं आणि सही केली. सगळे बघतच राहिले. "चोर सोडून संन्याशाला फाशी मी देत नाही," तो म्हणाला. "सायकलवाल्यांनी काही केलेलं नाही. येऊ देत. पण तू, एगिद. तुझं पाऊल माझ्या जमिनीवर पडायचं नाही. चाक तर नाहीच."

"बरं," एगिद म्हणाला.

त्या वेळी मी पुढे होऊन म्हणायला हवं होतं की मलाही ठाऊक होतं. नाही म्हटलं. ताटं ठेवली. कासनुडल गार झाली होती, पण कोणी तक्रार केली नाही.

तर अशी वाट राहिली. चौसष्ट किलोमीटर, सगळ्या जगाला. एगिदला बासष्ट. जाकीट पंचायतीने काढून घेतलं नाही, कारण दुसरा फुकट माणूस मिळाला नाही. तो गासरच्या खालच्या फाटकापर्यंत जातो, बाहेरून साखळी बघतो, वळतो, आणि तळ्याला उलटी प्रदक्षिणा घालून दुसऱ्या दिवशी वरच्या फाटकाशी पोचतो. तीही साखळी बाहेरून बघतो आणि पुन्हा मागे. मधले दोन किलोमीटर त्यानेच एके काळी सुरुंग लावून फोडलेले आहेत. तिथल्या पन्हळी आता गासरची सून साफ करते, म्हणजे करत नाही. खालच्या फाटकातून वीस पावलांवरची पहिली पन्हळ दिसते, ती कायम तुंबलेली. एगिद फाटकाला टेकून तिच्याकडे बघत राहायचा. मग त्याने युक्ती काढली. येणाऱ्या खडीवाल्याच्या हातात कुदळ द्यायची आणि सांगायचं, "तिथे जा. पानं काढा. उजवीकडून. परत आणून द्या." लोक हसत हसत करतात. त्यांना वाटतं, इथली काहीतरी रीत असावी. एका जपानी जोडप्याने तर कुदळीसकट फोटो काढून घेतला.

बुर्गाने त्याला ओळख दिली. फाटकाच्या आतून ती, बाहेरून हा. काय बोलतात कोण जाणे. खडीवर असेल.

मी गासरकडे जाऊन सांगून आले, उशिरा का होईना. पुढच्या वसंतात. तो म्हणाला, "माहीत होतं मला. तुझं तोंड आरशासारखं आहे." मी म्हटलं, "मग एकट्या त्यालाच का?" तो म्हणाला, "तू फाटकाचा राखणदार नव्हतीस."

गेल्या सप्टेंबरात, उतरण्याच्या आधी आठ दिवस, पुन्हा बर्फ आलं. सकाळीच रेडिओने सांगितलं. एगिद जेवायला आला नाही. चार वाजेपर्यंत मी वाट बघितली, मग डब्यात सूप भरलं, गाडी जंगलातल्या रस्त्याच्या आडव्या दांड्यापर्यंत नेली आणि पुढे वीस मिनिटं चढले. माझ्या वयाला ही थेरं शोभत नाहीत, पण चढले.

गासरचं खालचं फाटक उघडं होतं. दगड लावलेला, खांबावर डहाळी. बाहेर दगडावर एगिद, नुसत्या स्वेटरमध्ये, अंगावर पांढरं साचलेलं. हिरवं जाकीट त्याने पाटीवर घातलं होतं, बाह्या मागे बांधून. 'फाटक लावा' दिसू नये म्हणून.

"कधीपासून बसलायस?"

"बारा."

तेवढ्यात दोन खडीवाल्या पोरी उतरल्या. पुढची थांबली आणि सवयीने फाटकाकडे हात नेला. एगिद ओरडला, "हात लावू नका!"

"पण पाटीवर लिहिलंय ना, मागच्या फाटकांवर..."

"पाटीला काय कळतंय!" एगिद म्हणाला.

पोरी घाबरून गेल्या. मी त्याला सूप दिलं. त्याची बोटं वळत नव्हती, डबा मीच धरला. पाचच्या सुमाराला घंटा ऐकू आल्या. गायी एकेक करून फाटकातून बाहेर पडल्या, त्याच्या अंगाला घासून, खाली जंगलात. तो मोजत होता. एकतीसवर थांबला.

"एक राहिली," म्हणाला.

ती दिसतच होती. एक तरणी कालवड, वीस पावलांवर. त्या दिवशी पुन्हा तुंबलेल्या पन्हळीचं पाणी रस्त्यावरून वाहत होतं आणि ती ते ओलांडायला तयार नव्हती. बर्फ दाट व्हायला लागलं. बुर्गा वर, गोठ्याच्या बाजूला, तिला हाक पोचणं शक्य नव्हतं. एगिदने जीभ टाळ्याला लावून बोलावलं. टोपी हलवली. कालवड ढिम्म. तो फाटकाच्या रेषेपर्यंत गेला आणि बुटांची टोकं तिथे थांबली.

"अरे जा की! वीस पावलं!" मी म्हटलं. "गासर घरी चुलीपाशी बसलाय. कोण बघतंय?"

"मी बघतोय ना," तो म्हणाला.

मला त्याचा भयंकर राग आला. त्याचा, गासरचा, त्या कालवडीचा, आणि सगळ्यांत जास्त माझा. मी डबा त्याच्या हातात कोंबला आणि आत शिरले. स्वयंपाकघरातले सपाट बूट. दुसऱ्याच पावलाला पाय ओला. कालवडीच्या मागे जाऊन मी तिला ढकललं, शिव्या दिल्या, शेवटी गळ्याचा पट्टा धरून ओढलं. एकदा गुडघ्यावर पडले. एगिद रेषेवरून सांगत होता, "उजवीकडून, वहिनी. उजवीकडे खडी घट्ट आहे." आणि खरंच घट्ट होती.

कालवड पाणी ओलांडून धावत सुटली. फाटकातून जाताना त्याने तिच्या पाठीवर हात ठेवला.

"बत्तीस," म्हणाला.

बाहेर आल्यावर मी एका पायावर उभी राहून बुटातलं पाणी काढलं. त्याने पाटीवरचं जाकीट सोडवलं, झटकलं आणि माझ्या खांद्यावर टाकलं. मग फाटक उघडं ठेवून आम्ही खाली आलो.